नापास रेकॉर्डी

माझे बाबा चोर होते, असं माझ्या धाकट्या भावाचं मत आहे. पन्नास वर्षं त्याने ते जपलं आहे. एवढे स्वतःचे दात जपले असते तर आज कवळी लावावी लागली नसती.

बाबा रेकॉर्डी छापणाऱ्या कारखान्यात ‘ऐकणारे’ होते. कागदावर हुद्दा काहीतरी लांबलचक होता, पण कारखान्यात सगळे त्यांना ऐकणारेच म्हणत. साच्यातून गरम रेकॉर्डींचे गठ्ठे निघत, प्रत्येक गठ्ठ्यातली एक बाबांच्या खोलीत येई. शितावरून भाताची परीक्षा. बाबा ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत आणि पास किंवा नापास करत. नापास झाली की तिच्या वेष्टनाचा उजवा कोपरा कात्रीने उडवायचा. कोपरा कापलेली रेकॉर्ड विकता येत नसे. ती वितळवायला जाई, किंवा ऐकणाऱ्याला हवी असेल तर तो घरी नेई. फाटकावरचा पहारेकरी कोपरा बघायचा आणि सोडून द्यायचा. आमच्या घरात अशा कोपरा कापलेल्या रेकॉर्डींनी एक अख्खं कपाट भरलं होतं.

मग कारखान्यात नवे साहेब आले. कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं की ऐकणाऱ्याच्या घरी कंपनीचा माल भरलाय. दोन माणसं घरी आली, कपाटातल्या पाच रेकॉर्डी घेऊन गेली. ऑफिसात चार साहेबांनी मिळून त्या ऐकल्या आणि एकीतही दोष नाही म्हणून सांगितलं. बाबांना जे ऐकू येई ते चार साहेबांना ऐकू आलं नाही, यात नवल ते काय? त्यांना ऐकू येत असतं तर बाबांना पगार कशाला दिला असता? तरी साहेबांनी एक वाट ठेवली होती. त्यांनी कागद टाइप करून पुढे केला: माझ्या घरातली प्रत्येक रेकॉर्ड सदोष आहे. करा सही, प्रकरण मिटलं. बाबांनी कागद वाचला, पेन खाली ठेवलं आणि डबा उचलून घरी आले. नोकरी गेली. पुढची अठरा वर्षं ते एका पिठाच्या गिरणीवर होते. त्या घरघरीत त्यांचे कान गेले, इतके की शेवटी दारावरची घंटाही ऐकू येईना.

सही का केली नाही, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. मला वाटलं, मानी माणूस, लाचारीच्या कागदावर कशाला सही करेल. बारक्या अकराचा होता. बारक्या म्हणजे हाच धाकटा. आता बासष्टचा आहे आणि नव्वद किलोचा, पण घरात पडलेलं नाव पडलेलं असतं. शाळेत पोरं त्याला चोराचा मुलगा म्हणायची. तो घरी येऊन म्हणाला, "खरं असतं तर सही केली असती." तेव्हापासून त्याने हे एक वाक्य धरलंय.

आई-बाबांच्या मागे त्याच घरात मी राहिले. मी वजनमापं तपासणारी निरीक्षक होते. दुकानदारांचे काटे तपासायचे, खरे निघाले तर पोलादी टोच्याने शिक्का मारायचा, खोटे निघाले तर जप्त. तीस वर्षं हेच केलं. लग्न केलं नाही. आलेल्या प्रत्येक स्थळात मला काही ना काही कमी भरलं, असं आई म्हणायची, आणि ते खरं आहे.

यंदा आमच्या इमारतीची दुरुस्ती निघाली. जमिनी फोडणार, नळ बदलणार, म्हणून सगळ्यांनी चार महिने दुसरीकडे राहायचं. घर सोडायला अजून अवकाश होता, पण मला मिळाली होती एकच खोली. पलंग ठेवला तर कपाट बाहेर, कपाट ठेवलं तर मी बाहेर. बारक्या मदतीला आला तो हातात एक डबी घेऊन. काडेपेटीएवढी डबी, एका बाजूने रेकॉर्ड प्लेअरची वायर, दुसऱ्या बाजूने लॅपटॉपची.

"ताई, या सगळ्यांच्या फाइली कर. सगळं कपाट खिशात मावेल. मग रेकॉर्डी भंगारात."

"भंगारात का?"

"मग काय, चोरीचा माल डोक्यावर घेऊन नाचायचं?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. पन्नास वर्षांत मी त्याच्याशी या शब्दावरून किती वेळा भांडले, त्याची गणती नाही. दिवाणखान्यात कितीदा, एकदा तर त्याच्याच लग्नात. पण त्या दिवशी मी भांडले नाही. माझ्यातली निरीक्षक जागी झाली.

"असं कर," मी म्हटलं. "फाइल करायला मी एकेक रेकॉर्ड वाजवणारच आहे. प्रत्येकीतला दोष शोधते, वहीत लिहिते. मिनिट, सेकंद, सगळं. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा सदोष निघाल्या तर तू तो शब्द मागे घ्यायचा."

"आणि एक जरी धड निघाली तर?"

"तर मी म्हणेन. माझ्या तोंडाने. माझा बाप चोर होता."

 मला वाटलं होतं तो हसेल. तो म्हणाला, "कशाला ताई? राहू दे ना."

"का? घाबरलास?"

त्याने लॅपटॉप जोडून दिला, कुठली कळ केव्हा दाबायची ते दाखवलं आणि गेला.

रेकॉर्डची फाइल करताना घाई चालत नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. वीस मिनिटांची बाजू वीस मिनिटंच घेते. कितीही मोठा साहेब असो, एकोणीस मिनिटांत होत नाही. आधी मऊ ब्रशने धूळ काढायची, सुईवर फुंकर मारायची, डबीवरचा दिवा हिरवा झाला की सुई टेकवायची. पडद्यावर एक रेघ थरथरत पुढे सरकते. मी प्लेअरलाच हेडफोन लावून बसायचे, मांडीवर वही. दिवसाला सात-आठ रेकॉर्डी. पाठ धरली, कान दुखले, पण सकाळी आठच्या ठोक्याला मी खुर्चीत असायचे.

बाबांनी मला लहानपणी ऐकायला शिकवलं होतं. ते म्हणायचे, "गाणं ऐकू नकोस. गाणं सगळ्यांना ऐकू येतं. गाण्याच्या मागे ऐक." ते पन्नास वर्षांनी कामाला आलं. मागे काय काय होतं! कुठे टक् असा ठिपका, प्रत्येक फेरीला एकदा, ठरलेल्या वेळी. कुठे गाणं सुरू व्हायच्या आधीच त्याचा पहिला शब्द भुतासारखा हळूच ऐकू यायचा आणि मग खरा. कुठे भोक जरासं मध्यावरून सरकलेलं, त्यामुळे सुई डावी-उजवी डुलायची आणि गाणाऱ्या बाईचा लांबवलेला सूर प्यायल्यासारखा हेलकावे खायचा. आणि उड्या तर विचारू नका. एका गाण्यात नवरी दारात उभी राहून आईला मिठी मारते आणि पुढच्याच क्षणी विहिरीवर पाणी भरत असते. मधलं सगळं लग्न उडालेलं. आमच्या घरात ते गाणं सगळे तसंच म्हणायचे. पुढे एकदा रेडिओवर पूर्ण ऐकलं तेव्हा आई म्हणाली, "मेल्यांनी उगीच लांबवलंय."

पहिल्या चाळीस झाल्या. चाळीस रेकॉर्डी, चाळीस दोष. मी वहीची पानं आणि फाइली बारक्याला पाठवल्या आणि ऐटीत वाट बघत बसले. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज खाली गेलेला.

"ताई, मी ऐकल्या. तू म्हणतेस तिथे काही नाहीये."

"काही नाही म्हणजे?"

"अकरा नंबर, तीन मिनिटं बारा सेकंद, ठिपका. नाही. सतरा नंबर, शेवटची दोन मिनिटं खरखर. नाही. सगळं लख्ख आहे. चार-पाच उड्या आणि कुठे कुठे सूर डुलतो तेवढं, पण ते सुईमुळे. सुई किती जुनी आहे!"

"कारखान्याला छापता येईना आणि सुई वाकडी, होय?"

"ताई, तुझं वय झालंय. तुला जे ऐकायचंय तेच ऐकू येतंय."

मी फोन आपटला. पण दुसऱ्या दिवशी मी जाऊन कान तपासून आले. काचेच्या खोलीत बसवून त्या बाईने बारीक बारीक शिट्ट्या ऐकवल्या आणि म्हणाली, वयाच्या मानाने ठीक आहे, वरचे सूर थोडे कमी झालेत. थोडे कमी! म्हणजे मी ऐकत होते ते काय होतं? बापाला निर्दोष ठरवायला बसलेल्या म्हाताऱ्या मुलीने मनानेच ठिपके पाडले? आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच काट्याची शंका आली.

शंका आली की काटा दोनदा तपासायचा, हा आमच्या खात्याचा नियम. नवी सुई आणली, बसवली. अकरा नंबर पुन्हा लावली. एका कानाला प्लेअरमधून येणारा आवाज, दुसऱ्या कानाला लॅपटॉपवरची फाइल. तीन मिनिटं बारा सेकंद. डाव्या कानात टक्. उजव्या कानात काही नाही. पुन्हा लावली. डावा टक्, उजवा मुका. मी चष्मा चढवून पडद्यावरची एकेक ओळ वाचत गेले. तिसऱ्या यादीत, अगदी तळाला, छोट्या चौकोनात एक बरोबरची खूण होती: आपोआप सफाई. ठिपके, खरखर आणि घरघर काढून टाका.

म्हणजे यंत्राने चाळीस रेकॉर्डी घासूनपुसून लख्ख केल्या होत्या. बाबांनी आयुष्यभर कान लावून जे शोधून काढलं, तेच नेमकं उचलून फेकलं होतं. मी ती खूण काढली आणि बारक्याला फोन लावला.

"ती सफाईची खूण तू केली होतीस?"

"ती आपोआपच असते गं. सगळे तसंच करतात. कुणाला खरखर हवी असते?"

"मला हवी आहे! त्या खरखरीसाठी माझ्या बापाने आयुष्याची माती केली. साहेबांना खरखर ऐकू आली नाही, आता तुझ्या यंत्राला नको आहे. सगळ्यांना गुळगुळीत हवं. मी पहिल्यापासून पुन्हा करणार."

"चाळीसच्या चाळीस?"

"चाळीसच्या चाळीस. आणि नव्या सुईने. मग बघू नवरी विहिरीवर कशी पोहोचते."

नवरी नव्या सुईनेही तशीच पोहोचली.

त्यानंतर मी सुसाट सुटले. साठ, नव्वद, एकशे वीस. बारक्या आता फाइली ऐकून नुसतं "हं" लिहून पाठवायचा. मला त्या प्रत्येक ‘हं’मध्ये विजयाचा नगारा ऐकू यायचा. एकशे सत्तेचाळीस नंबरने मात्र तोंडाला फेस आणला. वाद्यांचा साधा तुकडा, ठिपका नाही, उडी नाही, डुलणं नाही. तीन दिवस मी ती उलटसुलट ऐकली. चौथ्या दिवशी चहा पिता पिता सहज वेष्टनावरची यादी वाचली आणि लक्षात आलं, पहिल्या बाजूची चिठ्ठी दुसऱ्या बाजूवर चिकटवली होती. दोष आवाजात नव्हताच. बाबांच्या डोळ्यांतूनही काही सुटत नसे. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. समोरच्या खिडकीतली बाई बघत होती, बघू दे.

दोनशे बारापर्यंत एकही रिकामी गेली नाही. उरल्या दोन, त्याही एकाच गोष्टीच्या. मुलांसाठी नाटकासारखी वाचलेली गोष्ट: मिठाची बोट, कप्तान आणि त्याचा कुत्रा. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घरात कशा, याचं मला नवल वाटलं. पहिली लावली. वादळ सुरू झालं, कप्तान ओरडला, कुत्रा भुंकला आणि सांगणारा म्हणाला, "बोट कलली." मग पुन्हा, "बोट कलली." सुई त्याच फेरीत अडकली होती. बोट कलली, बोट कलली, बोट कलली. मी हाताने उचलेपर्यंत ती बिचारी कलतच होती. ही मला आठवत होती. वहीत लिहिलं: दोनशे तेरा, बाजू दुसरी, कायमची अडकते.

दुसरी लावली. बोट कलली, बुडाली, कप्तान वाचला, पुढे जे व्हायचं ते झालं, शेवटचं संगीत वाजलं आणि सुई मध्यावर येऊन थांबली.

मी पुन्हा लावली. मागे ऐकलं, पुढे ऐकलं. काही नाही. चिठ्ठ्या बघितल्या, बरोबर होत्या. भोक मध्यावर होतं. भिंगाखाली धरून एकेक खाच बघितली. सपाट काचेवर ठेवून वाकली आहे का पाहिलं. शेवटी कपाटातून माझा जुना तपासणीचा काटा काढला आणि तिचं वजन केलं. तेही पुरं भरलं. अकरा वेळा ऐकली. वेष्टनाचा कोपरा मात्र कापलेला होता, सरळ, एका झटक्यात, बाबा कापायचे तसाच.

म्हणजे त्यांनी एक पास रेकॉर्ड नापास करून आणली होती.

मी मग उठून कामाची जुनी पिशवी काढली. त्यात शिक्के मारायचा पोलादी टोचा अजून आहे. तो हातात घेतला, रेकॉर्ड टेबलावर ठेवली. एक ओरखडा. बोटाच्या पेराएवढा. टक् आवाज येईल, मी वहीत मिनिट-सेकंद लिहीन, बारक्या शब्द मागे घेईल, दोनशे चौदाच्या दोनशे चौदा. कोण विचारणार? टोचा मी टेकवला होता, हे लपवत नाही. खाचांवर टेकवला होता.

आणि त्याच क्षणी मला तो कागद समजला. माझ्या घरातली प्रत्येक रेकॉर्ड सदोष आहे. प्रत्येक. बाबांनी ते वाचलं तेव्हा त्यांना ठाऊक होतं की एक सदोष नाही. बाकी सगळ्यांसाठी ते छातीठोक सही करू शकले असते, पण कागदावर ‘प्रत्येक’ लिहिलं होतं. मानबिन काही नाही. चुकीच्या मालाला पास म्हणायचं नाही, ही त्यांच्या हाताची सवय होती, आणि तो कागद चुकीचा माल होता. रेकॉर्ड चोरणारा माणूस खोटी सही करू शकला नाही. वेडा बाप माझा!

मी टोचा पिशवीत टाकला. साहेबांनी त्यांना जे करायला सांगितलं होतं, ते मी त्यांच्या वतीने पन्नास वर्षांनी करणार होते. थू माझ्या जिंदगीवर.

दुपारी बारक्याला फोन लावला. तो जेवून आडवा झाला होता, आवाजात झोप होती.

"बारक्या, एक धड निघाली."

मला वाटलं तो म्हणेल, बघ, सांगत नव्हतो? त्याची झोप उडाल्याचं नुसतं कळलं. "कुठली?" त्याने विचारलं.

"गोष्टीची. बोट आणि कुत्रा. दोन प्रती आहेत, एक अडकते, दुसरी धड आहे. अकरा वेळा ऐकली, वजनसुद्धा केलं. ठरलं ते ठरलं. माझा बाप चोर होता. म्हटलं. भरलं पोट?"

"ताई..."

"थांब, मला पुरं बोलू दे. एका रेकॉर्डचा चोर. बाकी दोनशे तेरा त्यांच्या हक्काच्या. आणि ही कधी आली, कशासाठी आणली, मला आठवतच नाही. त्या वर्षी मी शाळेच्या शेवटच्या परीक्षेसाठी मावशीकडे राहत होते. अडकणारी तेवढी ठाऊक आहे मला. धड कुणी कधी लावलेली मी ऐकली नाही."

"कुत्रं वाचतं," बारक्या म्हणाला.

"काय?"

"फळीवर बसून किनाऱ्याला लागतं. कप्तान रोज बंदरावर जाऊन शीळ घालतो, लोक त्याला हसतात. सातव्या दिवशी तो शीळ घालतो आणि लांबून भुंकल्याचा आवाज येतो. मग कप्तान म्हणतो, उशीर केलास रे."

शब्द न् शब्द बरोबर होता. मी अकरा वेळा ऐकून मला इतकं पाठ नव्हतं.

"तुला कसं माहीत?"

तो मग बोलायला लागला, थांबत थांबत. तो दहा वर्षांचा होता. अडकणारी रेकॉर्ड आली आणि कुत्र्याचं काय झालं ते त्याला कळेना. रोज लावायचा, रोज बोट कलायची. त्याला वाटायचं आज तरी पुढे जाईल. एक दिवस तो बाबांच्या अंगावर ओरडला, "दुसऱ्यांचे बाबा अख्ख्या वस्तू आणतात. तुम्ही सगळं मोडकंच का आणता?" त्यानंतर आठवड्याने त्यांनी दुसरी आणली. दोघांनी मिळून शेवटपर्यंत ऐकली. बारक्याने विचारलं, "ही पण नापास?" बाबा म्हणाले, "ही तुझी."

"नंतर ती कारखान्यातली माणसं आली ना घरी," बारक्या म्हणाला, "तेव्हा मी ती गादीखाली घालून वर झोपलो होतो. ताप आलाय म्हणून. तू भांडायचीस की बाबा चोर नाहीत. पण मला माहीत होतं, ताई. एकट्या मला माहीत होतं."

 पन्नास वर्षं मी या माणसाला बापाचा वैरी समजत होते. तो अकराव्या वर्षापासून त्या गादीवर झोपून होता. राग आला, फार आला, पण कुणाचा ते कळेना. आणि राग आला की मला खरं बोलल्याशिवाय राहवत नाही.

"त्या कागदावर लिहिलं होतं, प्रत्येक रेकॉर्ड सदोष आहे," मी म्हटलं. "तुझी एक नव्हती. म्हणून सही केली नाही त्यांनी. नोकरी सोडली, गिरणीत कान घालवले, पण तुझ्या रेकॉर्डला नापास म्हटलं नाही."

पलीकडे मग बारक्या रडायला लागला. बासष्ट वर्षांचा बाप्या, कवळी काढलेली असणार, त्यामुळे रडणं आणखीच विचित्र ऐकू येत होतं. मी रडू दिलं. फोन ठेवला नाही.

"मी तो शब्द मागे घेतो," शेवटी तो म्हणाला. "चोर. मागे घेतो."

"मुळीच घ्यायचा नाही!" मी ओरडले. "मी दोन महिने खुर्चीत बसून तो सिद्ध केलाय. खरा शब्द आहे. पन्नास वर्षं तू अर्धाच म्हणत आलास, आता पुरा म्हण."

"पुरा म्हणजे?"

"कुणासाठी, ते धरून."

त्याला वेळ लागला. नाक ओढल्याचा आवाज आला, पाण्याचा पेला ठेवल्याचा आला. मग माझा भाऊ म्हणाला, "बाबांनी माझ्यासाठी चोरी केली."

"हं," मी म्हटलं. "आता खोकी घेऊन ये. भंगारवाल्याला मी नाही म्हणून सांगितलंय. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा तुझ्या घरी राहणार आहेत, आणि जागा नाही वगैरे मला ऐकू येत नाही, वरचे सूर कमी झालेत माझे."